छताखालचे तळे

नगरच्या फराहबागेत मुलांना सहलीला नेले की ती एकच प्रश्न विचारतात, ‘बाजी, महालाभोवती एवढे पाणी कशाला?’ निजामशाहीत सलाबत खानाने 1583 मध्ये पूर्ण केलेला हा महाल तलावाच्या मधोमध उभा आहे. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणलेले, आणि त्या पाण्यावरून येणारी हवा महाल थंड ठेवणारी. आज तलाव कोरडा आहे.

गेल्या उन्हाळ्यात पालकसभेनंतर एक अम्मी मागे थांबल्या. म्हणाल्या, “बाजी, गावाकडे शेततळे झाले. पोरगी कडेला खेळते. पोहायला शिकवू का? आणि शिकवायचे तर कुठे?” शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही. पडलेल्या मुलाला वर चढता येत नाही. त्यामुळे पोहणे ही आता हौस राहिलेली नाही. पण मुलींसाठी आडोसा हवा, म्हणून बंदिस्त तलावाची चौकशी सुरू होते.

मोठा बंदिस्त तलाव पाहायचा तर दिल्लीतील तालकटोऱ्याचा पाहावा. 1982 च्या आशियाई खेळांसाठी तो उघडा बांधला होता. 2010 च्या राष्ट्रकुल खेळांसाठी नव्याने बांधून त्यावर छत घातले. आपल्याकडे पुण्याजवळ बालेवाडीला 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी क्रीडानगरी उभी राहिली, तिथेही 50 मीटरचा तलाव आहे.

50 मीटर लांब, 25 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल म्हणजे 25 लाख लिटर पाणी, वजन अडीच हजार टन! हा भार काँक्रीटच्या हौदाने न गळता पेलायचा. म्हणून फरशी बसवण्याआधी हौद भरून ठेवतात आणि पातळी उतरते का ते पाहतात. उलटा धोकाही असतो. जमिनीखालचे पाणी वर आले असताना हौद रिकामा केला, तर तो होडीसारखा वर उचलला जाऊ शकतो.

दुष्काळी नगरच्या माणसाला प्रश्न पडेल, एवढे पाणी रोज बदलतात? नाही. काठावरून ओसंडणारे पाणी पन्हाळीतून एका टाकीत जाते. तिथून पंप ते जाळीतून, मग वाळूच्या गाळणीतून नेतो, क्लोरीन मिसळतो आणि परत तलावात सोडतो. मोठ्या तलावात सारे पाणी साधारण चार ते सहा तासांत एकदा गाळले जाते. भर घालावी लागते ती वाफ झालेल्या, अंगावरून गेलेल्या आणि गाळणी धुताना वाया गेलेल्या पाण्याची.

खरी कसरत छतामुळे सुरू होते. डोळे चुरचुरवणारा जो वास आपण ‘क्लोरीन जास्त झाले’ म्हणतो, तो बहुधा क्लोरीन आणि घाम किंवा लघवी यांच्या संयोगातून होणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. उघड्यावर तो उडून जातो, बंद जागेत साठतो. त्यासाठी मोठे पंखे सतत बाहेरची हवा आत आणतात. हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम ठेवली की वाफ कमी होते. ही दमट, क्लोरीनयुक्त हवा पोलादही खाते. स्वित्झर्लंडमधील उस्टर गावी 1985 मध्ये तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून 12 जण गेले. छत टांगून धरणाऱ्या न गंजणाऱ्या म्हणवल्या गेलेल्या पोलादी सळ्या आतून चिरत गेल्या होत्या.

त्या अम्मींना मी सांगितले ते सर्वांसाठी सांगते. तलावाचा तळ काठावरून स्वच्छ दिसला पाहिजे. आत शिरताच डोळे चुरचुरले तर हवा खेळत नाही असे समजा. क्लोरीन आणि पीएच यांची रोजची नोंद मागा, पीएच 7.2 ते 7.8 च्या दरम्यान असावा. महिलांच्या वेळेत शिकवणारी आणि जीवरक्षकही महिलाच आहे का, हे विचारा. आणि पोहण्याआधी साबणाने अंघोळ करायला मुलांना शिकवा, मशिदीच्या हौदाची आपण जशी काळजी घेतो तशी.

कपड्यांवरून पुष्कळांची अडचण होते. सुती सलवार-कमीज नाकारतात, कारण सुताचे धागे गाळणीत अडकतात आणि भिजलेले कापड अंगाला ओढते. पोहण्याच्या खास कापडाचा अंगभर पोशाख मिळतो. पाण्याला त्याचा त्रास नाही. प्रवेशाआधी तो चालतो का, हे व्यवस्थापनाला स्पष्ट विचारून घ्यावे.

त्यांची मुलगी सध्या सुटीत मावशीकडे पुण्याला शिकते आहे. अजून पूर्ण येत नाही, पण पाठीवर तरंगते. शेततळ्याच्या कडेला मात्र कुंपण आणि आत सोडलेला दोर हवाच, हेही मी त्यांना बजावले आहे.