चोंदलेले नाक व नाकात घालावयाची औषधे

जून महिन्यात शाळा उघडतात, त्याच सुमारास पाऊस सुरू होतो आणि वर्गात शिंकांचा व सूंसूं आवाजाचा हंगामही सुरू होतो. नाक चोंदलेल्या मुलास रात्री धड झोप लागत नाही. दिवसा ते तोंड उघडे ठेवून श्वास घेते, डुलक्या काढते, प्रश्न विचारल्यास दचकते. अशा मुलास मंद ठरविण्याची घाई होऊ नये. पालक मात्र दुसरी घाई करतात. औषधाच्या दुकानातून नाकात घालावयाच्या थेंबांची बाटली आणतात आणि पाच-दहा मिनिटांत गुण दिसल्यावर ती बाटली घरात सर्वांचीच होते.

नाक शेंबडाने चोंदते हा समज अर्धाच खरा आहे. नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कवचासारखे वळलेले उंचवटे असतात व त्यांवरील नाजूक आवरणाखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. बाहेरची हवा फुप्फुसांत जाण्यापूर्वी येथे ऊबदार व ओलसर होते. सर्दीत ह्या रक्तवाहिन्या फुगतात, आवरण सुजते आणि हवेची वाट अरुंद होते. म्हणून कितीही शिंकरले तरी नाक मोकळे होत नाही. ऑक्सिमेटॅझोलिन किंवा झायलोमेटॅझोलिन असलेले थेंब वा फवारे ह्या रक्तवाहिन्यांस आकुंचित करतात व काही तास सूज ओसरते. सर्दी बरी होत नाही. ती आपली मुदत पुरी करतेच.

खरी अडचण पुढेच आहे. हे औषध लागोपाठ पुष्कळ दिवस घातल्यास त्याचा अंमल उतरताच आवरण पूर्वीपेक्षा अधिक सुजते. रोगी पुन्हा बाटलीकडे वळतो. आता नाक सर्दीने चोंदले आहे की औषधाने, हे त्याचे त्यालाही कळत नाही. वर्षानुवर्षे अशी बाटली उशाशी ठेवून झोपणारी माणसे आढळतात, आणि त्यांतील बहुतेकांची सुरुवात एका साध्या सर्दीपासूनच झालेली असते. सबब तीन दिवस, फार तर पाच दिवस, ही मर्यादा कसोशीने पाळावी. सवय जडलीच असेल तर ती सुटते. त्यासाठी डॉक्टरांकडे जावे. ते दुसऱ्या प्रकारचा फवारा देऊन, अथवा आधी एका व मग दुसऱ्या नाकपुडीतील औषध बंद करवून, ही सवय मोडतात.

मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. ऑक्सिमेटॅझोलिन मोठ्यांसाठी शेकडा ०.०५, तर मुलांसाठी शेकडा ०.०२५ तीव्रतेचे मिळते. बाटल्या दिसण्यात सारख्या असल्याने वेष्टनावरील आकडा वाचल्यावाचून थेंब घालू नयेत. सहा वर्षांखालील मुलास डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हे औषध देऊच नये. अशी औषधे एक-दोन मिलिलिटर इतकी अल्प पोटात गेली तरी लहान मुलास गंभीर अपाय होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली दिला होता. गुंगी येते, श्वास व नाडी मंदावते. बाटली मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, आणि ती दप्तरातून शाळेत तर मुळीच येऊ नये. मोठ्यांपैकी रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असलेल्यांनीही आधी डॉक्टरांस विचारावे.

फवारा मारण्यापूर्वी नाक हळुवार शिंकरावे. डोके ताठ ठेवावे, बाटलीचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न वळविता किंचित बाहेरच्या बाजूस धरावे, आणि मग टोक पुसून ठेवावे. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

बहुतेक मुलांस मिठाच्या पाण्याचे तयार थेंब पुरेसे होतात. त्यांची सवय लागत नाही. ते घरी करणे झाल्यास पाणी उकळून निववलेलेच असावे. तान्ह्या मुलाच्या नाकात तेल सोडण्याची चाल मात्र टाकून द्यावी, कारण ते तेल फुप्फुसांत उतरून तेथे दाह उत्पन्न करू शकते. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलास वाफ देण्यातही भाजण्याचा धोका असतो.

काही चोंदलेल्या नाकांशी थेंबांचा संबंधच नसतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर मुलाने चिंचोका, मणी किंवा खोडरबराचा तुकडा आत घातला असण्याचा संभव फार. तो चिमट्याने काढू जाऊ नये. तो आणखी आत सरकतो. घड्याळातील बटणाएवढी बॅटरी आत गेल्याचा संशय असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. आणि जे मूल सर्दी नसतानाही महिनोन् महिने तोंडाने श्वास घेते, झोपेत घोरते व हाक मारल्यावर ओ देत नाही, त्याच्या नाकामागील गाठी वाढून त्याला कमी ऐकू येत असण्याचा संभव असतो. अशा मुलास पुढच्या बाकावर बसवावे व पालकांस बोलावून त्याची नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून तपासणी करविण्यास सांगावे.