एंडोकॅनाबिनॉइडांचे विघटन : संदेशाचा अंत की रूपांतर?

डुकराच्या मेंदूतून १९९२ साली वेगळ्या केलेल्या एका स्निग्ध द्रव्यास ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून आनंदामाइड हे नाव मिळाले. हे द्रव्य आणि १९९५ साली ओळखले गेलेले २-ॲरॅकिडोनॉइल ग्लिसरॉल ही प्रमुख एंडोकॅनाबिनॉइडे होत. पहिल्याचे जलीय विच्छेदन मुख्यतः फॅटी ॲसिड अमाइड हायड्रोलेज, तर मेंदूत दुसऱ्याचे मुख्यतः मोनोॲसिलग्लिसरॉल लायपेज हे एंझाइम करते. दोहोंतही ॲरॅकिडोनिक अम्ल मुक्त होते.

येथे संदेश संपला असे वाटेल. परंतु याच अम्लापासून सायक्लोऑक्सिजनेज एंझाइमे दाह व ताप यांस कारणीभूत होणारी प्रोस्टाग्लँडिने घडवितात. शिवाय सायक्लोऑक्सिजनेज-२ हे मूळ रेणूंचेही ऑक्सिडीभवन करते. त्यांपासून अनुक्रमे प्रोस्टामाइडे व प्रोस्टाग्लँडिनांची ग्लिसरॉल एस्टरे बनतात.

उंदरांवरील, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उपर्युक्त लायपेजाचा निरोध केला असता मेंदूतील २-ॲरॅकिडोनॉइल ग्लिसरॉल वाढले, तर प्रोस्टाग्लँडिने घटली. म्हणून निरोधकाने दाह शमला, एवढ्यावरून त्याचे श्रेय कॅनाबिनॉइड ग्राहींस देता येत नाही. ग्राही रोधूनही परिणाम टिकतो काय, हे आधी पाहिले पाहिजे.