पाणी तपासलं, गहू राहिला

२०२४ सरता सरता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा, भोनगाव अशा गावांत लोकांचे केस गळू लागले. कंगव्यात चार केस जास्त आले, इतकंच ते नव्हतं. आधी डोक्याला खाज, मग नुसता हात फिरवला तरी झुबका हातात, आणि तीन-चार दिवसांत टाळू उघडी. बाया, म्हातारे, कॉलेजातली पोरं, कुणी सुटलं नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत अठरा गावांतले २७९ जण मोजले गेले. वाहिन्यांनी तोवर ‘टक्कल व्हायरस’ असं बारसं करून टाकलं होतं. विषाणूचा पत्ता नव्हता, नाव मात्र तयार.

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि त्यासाठी कुणाला बोल लावता येणार नाही. हा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा. बोअर मारली की खारं पाणी लागणार, हे इथं गृहीतच. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे मूत्रपिंडाच्या आजारानं घरंच्या घरं बेजार आहेत. त्यामुळे इथल्या माणसाला काहीही झालं की बोट आधी पाण्याकडे जातं. पाणी तपासलं, त्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघालेही. मग बुरशीची शंका आली, शाम्पूची आली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक येऊन नमुने घेऊन गेलं. पण खारं पाणी इथं पिढ्यान् पिढ्या पितात. केस याच डिसेंबरात का गळावेत, याचं उत्तर पाण्यात सापडत नव्हतं.

उत्तराचा धागा काढला तो डॉ. हिंमतराव बावस्करांनी. महाडला राहून विंचूदंशावर प्रॅझोसिनचा उपचार रूढ करणारे, २०२२ चे पद्मश्री, ते हेच. त्यांनी रुग्णांचं रक्त, लघवी आणि केस तर तपासायला घेतलेच, शिवाय घरातला रेशनचा गहूही घेतला. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, धुतलेल्यात १३.६१. म्हणजे धुऊन फारसा फरक नाही, विष दाण्याच्या आत आहे. रक्तात नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट सेलेनियम असल्याचं त्यांनी सांगितलं. पोत्यांवरून माग पंजाबकडे गेला. तिथल्या नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांत सेलेनियमयुक्त जमिनींचे पट्टे आहेत, हे मातीशास्त्रज्ञांना अनेक वर्षांपासून ठाऊक आहे.

इथं एक टाचणी लावून ठेवतो. बातम्यांत ‘६०० पट’ हा आकडा फार गाजला. पण सर्वसाधारण गव्हात १.९ मिलिग्रॅम असतं, असंही त्याच बातम्यांत होतं. भागाकार करून पाहा, साडेसात पट येते. सहाशे पट कशाच्या तुलनेत, हे विचारायची तसदी फारशी कुणी घेतली नाही. आणि घाबरायला साडेसात पटही पुरेशी आहे. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम लागतं, ४०० च्या वर जाऊ नये असं मानतात. असल्या गव्हाचं तीनशे ग्रॅम पीठ पोटात गेलं, तर एका दिवसात चार हजारांवर मायक्रोग्रॅम. वऱ्हाडात एके काळी ज्वारीची भाकरी हेच रोजचं जेवण होतं, आता रेशनच्या गव्हाची पोळी दोन्ही वेळा ताटात असते. चीनच्या एन्शी भागात १९६०च्या दशकात हेच घडलं होतं. दुष्काळात भाताचं पीक गेलं, सेलेनियमयुक्त जमिनीतला मका आणि भाज्या जास्त खाव्या लागल्या, आणि लोकांचे केस आणि नखं गेली. शेगावच्या गावांतही एप्रिल २०२५ मध्ये नखं गळू लागली.

केस आणि नखंच का? सेलेनियम हे रसायनाच्या तक्त्यात गंधकाच्या बरोबर खाली बसतं, स्वभावही तसाच. केसाची ताकद केराटिनमधल्या गंधकाच्या जोड्यांत असते. सेलेनियमचा पूर आला की गंधकाच्या जागी तेच बसतं आणि जोड कच्चे राहतात, असं मानलं जातं. पेशीची गंधक आणि सेलेनियममध्ये फसगत होते ती अशी.

पण सेलेनियम नेमकं ओळखून कामाला लावणारे जीवही आपल्या आतड्यातच आहेत. ई. कोलाय या जिवाणूला फॉर्मिक आम्ल फोडायला सेलेनियमचा अंश लागतो, हे जेन पिन्सेंट या संशोधिकेनं १९५४ मध्ये दाखवलं. का लागतो, ते कळायला आणखी तीन दशकं गेली. म्युनिकच्या ऑगस्ट बॉक यांच्या गटानं १९८६ मध्ये संबंधित जनुक वाचलं, तेव्हा विचित्र प्रकार दिसला. आरएनएवरची अक्षरं पेशी तीन-तीनच्या गटांनी वाचते, आणि यूजीए हा गट म्हणजे ‘इथं थांबा’. या जनुकात तो १४०व्या जागी, मध्येच आलेला. तरी प्रथिन तिथं थांबत नव्हतं. कारण यूजीएच्या लगेच पुढे आरएनएची पट्टी स्वतःवरच वळून केसांत खोचायच्या आकड्यासारखी झालेली असते. सेल-बी नावाचं प्रथिन त्या आकड्याला येऊन धरतं आणि आपल्यासोबत सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल, सेलेनोसिस्टीन, घेऊन येतं. हे एकविसावं अमिनो आम्ल बसलं की वाचन पुढे सुरू. सेलेनियमच नसेल, तर काम तिथंच खुंटतं आणि अर्धवट प्रथिन टाकून दिलं जातं.

जैवसंवेदक, म्हणजे सेलेनियम आहे की नाही हे जिवाणूकडूनच वदवून घेणारी चाचणी, करायचा तर याहून तयार माल कुठे मिळणार? बॉक यांच्याच गटानं त्या यूजीएच्या आणि आकड्याच्या पुढे दुधातली साखर फोडणाऱ्या विकराचं जनुक जोडून पाहिलं. सेलेनियम असेल तरच तो विकर बनतो, आणि योग्य रसायन घातलं की त्याच्यामुळे निळा रंग येतो.

मात्र गव्हासाठी हे वापरायचं तर अडचणी दोन, आणि त्या प्रयोगशाळेबाहेर फारशा बोलल्या जात नाहीत. गव्हातलं बहुतेक सेलेनियम मेथिओनाइन या अमिनो आम्लात गुंतलेलं असतं. आधी पीठ आम्लात शिजवून ते मोकळं करावं लागेल, मग आम्ल मारावं लागेल, मगच जिवाणूपुढे ठेवता येईल. दुसरी अडचण जास्त गमतीची. या जिवाणूला सेलेनियम इतकं थोडं पुरतं, की चांगला गहूही निळा आणि बाधलेलाही निळाच. म्हणून अर्क दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत जायचं आणि निळा रंग कुठे नाहीसा होतो ते बघायचं. ज्याचा रंग जास्त पातळ केल्यावरही टिकतो, तो गहू संशयित.

जिवंत जिवाणू गावोगाव नेणं कुणालाच मान्य होणार नाही, पण त्याला वाट आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटानं जिवाणूमधला फ्लोराइड ओळखणारा आरएनए पेशीविना, नळीत सुकवून वापरला, आणि कोस्टा रिकात इराझू ज्वालामुखीच्या परिसरात पाणी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष छापले. पाणी घातलं की चाचणी सुरू. यवतमाळकडच्या फ्लोराइडच्या गावांना हे कधीतरी उपयोगी पडावं. सेलेनियमची गोष्ट जरा अवघड, कारण तिथं आरएनएच्या जोडीला सेल-बी आणि बाकीचा सगळा गोतावळा नळीत घालावा लागेल.

बावस्करांचे निष्कर्ष आल्यावर काहींनी दह्याचा आणि प्रोबायोटिकच्या पुड्यांचाही सल्ला सुरू केला असेल, तर तो जरा बाजूला ठेवा. दह्यातले काही लॅक्टोबॅसिलस जिवाणू सेलेनाइट नावाच्या क्षाराचं लाल रंगाच्या, निरुपद्रवी म्हणावं अशा सेलेनियममध्ये रूपांतर करतात, हे खरं. बशीत पांढरी वसाहत विटकरी होताना दिसते, बघायला छान असतं. त्यांच्यावरचं बरंचसं संशोधन मात्र उलट कारणासाठी आहे, सेलेनियमची कमतरता असलेल्यांना ते पुरवण्यासाठी. आणि गव्हातलं सेलेनो-मेथिओनाइन लहान आतड्यातच शोषलं जातं, दह्यातल्या जिवाणूंच्या तावडीत ते फारसं सापडत नाही. घरातला तो गहू बंद करणं, एवढाच धडाचा उपाय.

पण गहू बंद कधी करायचा, हे केस गळायच्या आधी कळायला हवं. आजची खात्रीची तपासणी महागड्या यंत्रावर होते, नमुना दूरच्या शहरात जातो. गोदामात एका गाडीतली पोती एकाच शेतातली नसतात. पोत्यात नळी खुपसून काढलेले मूठभर दाणे चांगले निघाले, म्हणून शेजारचं पोतं चांगलं असेल असं नाही. स्वस्त चाचणी इथं यंत्रापेक्षा कमी अचूक असली तरी चालेल. ती गाडीतल्या पन्नास पोत्यांवर करता यावी, आणि त्यातली निळी राहणारी पाच पोती वेगळी काढून यंत्राकडे पाठवता यावीत.