किनारा की बेट?

पेण किंवा रोहे येथे राहणाऱ्या वाचकांना समुद्राचे अप्रूप नसावे. पेणहून वडखळमार्गे अलिबाग अवघे तीस किलोमीटर. रोह्याची कुंडलिका तर रेवदंड्यालाच सागराला मिळते. तरीही दिवाळीनंतर सहलीचा विषय निघाला की घरात दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांना अलिबाग किंवा नागावचा किनारा हवा असतो. गाडीतून उतरावे, दहा पावलांवर वाळू, पाठीशी शहाळेवाला. मुलांना मात्र थळसमोरची खांदेरी खुणावते.

त्यांचे चुकते असेही नाही. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांचा विरोध मोडून या बेटावर तटबंदी उभी केली. १८६७ चे दीपगृह, वेताळाचे देऊळ, दगड मारताच धातूसारखा नाद देणारी शिळा, आणि चहूकडे फक्त पाणी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे. तेव्हापासून मुलांच्या हट्टाला बळ आले आहे.

निवड करताना ‘कोणाला काय आवडते’ हा प्रश्न आपण आधी विचारतो. त्यापूर्वी ‘बरोबर कोण येणार आहे’ हे विचारावे. होडीचा अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास तसा कठीण नसतो. कठीण असते ते होडीत चढणे आणि हेलकावणाऱ्या काठावरून शेवाळलेल्या दगडावर पाय टाकणे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजींना, तोल जाणाऱ्या आजोबांना हा एक क्षणच महागात पडतो. हृदयविकार असलेल्यांचा विचार याहून वेगळा करावा लागतो. अलिबागच्या वाळूवर छातीत कळ आली तर जिल्हा रुग्णालय काही मिनिटांच्या अंतरावर असते. बेटावर आली तर आधी तांडेल, मग वारा, मग थळ, मग रस्ता. पहिला तास तेथेच निघून जातो.

आमच्या घरी हा धडा उशिरा मिळाला. एके वर्षी आईला आग्रहाने नेले. परतताना दुपारचा वारा उठला, लाटा वाढल्या. ती काही बोलली नाही. फक्त होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. पुढे आठ दिवस तिची मनगटे दुखत होती. तिची मधुमेहाची गोळी आणि जेवण यांच्या वेळा चुकल्या त्या वेगळ्याच.

म्हणून किनारा म्हणजे दुय्यम पर्याय, असे समजू नका. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीवरून २०१९ मध्ये संशोधकांनी एक गोष्ट मांडली: आठवड्यातून एकूण दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मनःस्थिती अधिक चांगली असल्याचे सांगितले. ते दोन तास सलग घालवले की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. आता सांगा, पेणकराला दर रविवारी काय साधेल? मात्र चालायचे ते ओल्या, घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत पाय रुततो, पोटऱ्यांना दुप्पट कष्ट पडतात. आणि उतरत्या किनाऱ्यावर एकाच दिशेने फार चालल्यास एका बाजूच्या गुडघ्यावर ताण येतो. जेवढे जाल तेवढेच परत या, म्हणजे तो समान वाटला जाईल.

मुलांची हौस आणि आजींचे गुडघे या दोहोंना सांभाळणारी जागा अलिबागलाच आहे. कुलाबा किल्ला भरतीत बेट असतो आणि ओहोटीत पायी गाठता येतो. चालणे नको असेल तर घोडागाडी मिळते. वेळेचा हिशेब आपल्या किनाऱ्यावरचे जुने लोक पंचांगावरून करीत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची अंदाजे वेळ. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. सातनंतर निघून नवाच्या आत परतावे. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, ते पुरेसे हटत नाही. हिशेब कितीही पक्का वाटला तरी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये.

खांदेरी वर्षातून एकदा, धडधाकट मंडळींनी जरूर करावी. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ निवडा आणि वारा उठण्यापूर्वी परत फिरा. पावसाळ्यात तर विषयच काढू नका. प्रत्येकासाठी दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटे, टोपी, आणि मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे असावीत. पोट अगदी रिकामेही नको आणि तुडुंबही नको. होडी लागत असेल तर मध्यभागी बसून क्षितिजाकडे पाहावे. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी अर्धा-एक तास. मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला मुलगाच आधी ओकतो, हा अनुभव आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा खांदेरीला गेलो. आई धाकट्या नातीसह थळच्या किनाऱ्यावर सतरंजी टाकून थांबली. आम्ही परतलो तेव्हा दोघींनी ओंजळभर शिंपले गोळा केले होते आणि सुकत घातलेल्या मासळीजवळ बसून एका कोळणीशी आईच्या गप्पा रंगल्या होत्या. उठायला तीच तयार नव्हती.