गणिताच्या पुस्तकातील मराठी

माध्यमिक शाळांतील गणिताच्या पाठ्यपुस्तकांविषयी पालकांची, आणि पुष्कळदा शिक्षकांचीही, एक ठरावीक तक्रार असते. पुस्तकातील शब्द फार संस्कृतप्रचुर आहेत, असे म्हटले जाते. परिमेय, सहगुणक, निर्देशक, महत्त्वमापन यांसारखे शब्द प्रथमदर्शनी बोजड वाटतात हे खरे. तथापि ज्याला आकडेमोड उत्तम येते असा विद्यार्थीही शाब्दिक उदाहरणापाशी अडखळतो, हा वर्गावर्गातील अनुभव आहे. आणि त्या उदाहरणात बहुधा असा एकही शब्द नसतो. अडचणीचे खरे ठिकाण साध्या मराठी वाक्यात आहे.

पारिभाषिक शब्द काही एका रात्रीत घडलेले नाहीत. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ इ. स. ११५०ची. भुज, कोटी, कर्ण हे शब्द त्या परंपरेतले. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई इलाख्यातील शाळांसाठी कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या विद्वानांनी ते काम वाढविले. १९६० साली भाषा संचालनालय आणि १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, स्थापन झाल्यावर या शब्दांना राज्यभर एकरूपता आली. यांतील बरेचसे शब्द फोड करून सांगितले की आपला अर्थ आपणच सांगतात. ‘समद्विभुज’ म्हणजे दोन भुजा समान असलेला. ‘जीवा’ म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळातील जीवा पाहिली की धनुष्य डोळ्यांपुढे येते. ‘त्रिज्या’ म्हणजे तीन राशींची, अर्थात ९० अंशांची, ज्या. मौज अशी की, ज्या ‘साइन’ला आपण इंग्रजी समजतो तो शब्दही याच ‘जीवा’चे अरबी आणि लॅटिन भाषांतून फिरून आलेले रूप आहे. असे शब्द समजावून देण्यास शिक्षकास फार तर पाच मिनिटे लागतात.

ओळखीच्या शब्दांचे मात्र तसे नाही. ते ओळखीचे असतात म्हणून कोणी समजावून देत नाही. ‘वर्ग’ हा शब्द घ्या. मुले वर्गात बसतात, संख्येचा वर्ग करतात आणि सांख्यिकीत वर्गमध्य काढतात. तिन्ही ठिकाणी अर्थ निराळा. ‘मूळ’ची गत अशीच. ७ ही मूळ संख्या, ७ हेच ४९चे वर्गमूळ, वर्गसमीकरणाला पुन्हा दोन मुळे, आणि नफातोट्यात वस्तूची मूळ किंमत! ‘कंस’ समीकरणात सोडवायचा असतो आणि वर्तुळावर मोजायचा असतो. गोष्टीतला कंसमामा वेगळाच. ‘काढा’ या आज्ञेने आकृती काढायची की किंमत, हे संदर्भावरूनच ठरते.

त्याहून सूक्ष्म जागा विभक्तीप्रत्ययांची. ‘वर्गांची बेरीज’ आणि ‘बेरजेचा वर्ग’ यांत शब्द तेच दोन आहेत. पण ३ आणि ४ या संख्यांसाठी पहिल्याचे उत्तर २५ येते आणि दुसऱ्याचे ४९. एखादी किंमत ‘२० टक्क्यांनी कमी केली’ आणि ‘२० टक्के केली’ यांतही असेच अंतर आहे. ५०० रुपयांची वस्तू पहिल्या वाक्याने ४०० रुपयांना मिळते, दुसऱ्याने १०० रुपयांना. घरपट्टीच्या ठरावात हा प्रत्यय चुकला तर काय होईल, हे पंचायत सदस्यांना सांगावयास नको.

एक शाब्दिक उदाहरण पाहू. ‘दोन संख्यांपैकी मोठी संख्या लहान संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी असून त्यांची बेरीज २७ आहे, तर त्या संख्या काढा.’ लहान संख्या क्ष मानली तर मोठी २क्ष − ३. येथे मराठीची ठेवण विद्यार्थ्याच्या मदतीला येते. आधी दुप्पट, मग ३, मग ‘कमी’ हा शब्दक्रम थेट बीजगणितात उतरतो. इंग्रजीत ३ आधी येतो आणि क्रम उलटा होतो. अडचण निर्माण करतात ते ‘असून’ आणि ‘त्यांची’. एकाच वाक्यात तीन गोष्टी कोंबल्या आहेत. तीच माहिती तीन छोट्या वाक्यांत दिली असती, तर १० आणि १७ हे उत्तर अधिक मुलांच्या हाती लागले असते. गणित कठीण करावयाचे असेल तर ते गणितानेच करावे, वाक्याने नव्हे.

घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतर हाही एक विचार करण्याजोगा भाग आहे. बाजारातून पावणेदोन किलो कांदे आणणारी मुलगी पुस्तकात तेच ‘एक पूर्णांक तीन चतुर्थांश’ असे वाचते आणि दोन्हींचा संबंध तिला लागेलच असे नाही. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. पावकी, निमकी, औटकी यांचे पाठांतर त्यानंतर हळूहळू मागे पडले. सव्वा, दीड, अडीच हे शब्द मात्र व्यवहारात टिकून आहेत. उलट व्याजाच्या उदाहरणातील ‘रास’ खळ्यावर धान्य पाहिलेल्या मुलाला चटकन कळते आणि शहरातल्याला सांगावी लागते. ‘द.सा.द.शे.’ ही अक्षरे तर ‘दरसाल दरशेकडा’ असे पूर्ण न उच्चारताच कित्येकजण शाळा सोडतात आणि पुढे पतसंस्थेच्या कर्जरोख्यावर सही करतात.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा विधिमंडळापर्यंत चर्चा झाली. तेवीस म्हणताना तीन आधी आणि लिहिताना दोन आधी, ही मुलांची अडचण त्या वादात झाकली गेली. माध्यमिक पुस्तकातील वाक्यांविषयी तेवढी चर्चा कधी झालेली नाही. सेमी-इंग्रजीचा मार्ग पुष्कळ शाळांनी पत्करला आहे. उच्च शिक्षणातील शब्द त्यामुळे लवकर परिचयाचे होतात, हा लाभ आहेच. पण वाक्य समजण्याची अडचण त्याने मिटत नाही, ती परक्या भाषेत जाऊन बसते.

काही अनुभवी शिक्षक उदाहरण फळ्यावर लिहिल्यावर लगेच सोडवू देत नाहीत. एका विद्यार्थ्यास ते मोठ्याने वाचावयास लावतात, दुसऱ्यास पुस्तक मिटून आपल्या बोलीत सांगावयास लावतात, आणि काय दिले आहे व काय विचारले आहे एवढेच वहीत लिहून घेतात. तासातील सात-आठ मिनिटे यात जातात. क्ष मानण्याची वेळ त्यानंतर येते.