पेन्शनीविना परतलेले

आजरा तालुक्यातली शेती डोंगरउताराची, तुकड्यातुकड्यांची. घनसाळ भाताचा वास कितीही गोड असला तरी त्यावर चार भावांचे पोट भरत नाही. म्हणून एकाने शेत धरायचे, दुसऱ्याने मुंबईची गिरणी आणि तिसऱ्याने बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीची वाट, अशी इथली जुनी वाटणी.

फौजेतून आलेला प्रत्येकजण पेन्शनर असतो, असा आपला समज. प्रत्यक्षात शिपायाला पेन्शनसाठी साधारणपणे पंधरा वर्षे नोकरी लागते. घरच्या अडचणीमुळे त्याआधी परतलेला गावात 'मिलिटरीवाला' म्हणून मिरवतो. पण म्हातारपणी त्याच्या बँकेच्या पासबुकात पहिल्या तारखेला काहीच जमा होत नाही.

अशांसाठी सोय आहे. पेन्शन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या गरजू माजी सैनिकाला अगर त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून 'पेन्युरी ग्रँट' मिळते. दरमहा 4,000 रुपयांची ही मदत नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांसाठी 8,000 झाली. मुलीच्या लग्नासाठीचे अनुदानही 50,000 वरून एक लाखावर गेले. हा पैसा येतो ध्वजदिन निधीतून. 1949 पासून दर 7 डिसेंबरला आपण छातीला जो छोटा झेंडा लावतो, त्याचाच हा हिशेब. शिवाय 2020 साली राज्य सरकारने माजी सैनिकांच्या व सैनिक विधवांच्या घरपट्टीलाही माफी दिली.

मग अडते कुठे? कागदावर. डिस्चार्ज बुक ट्रंकेत वाळवीने खाल्लेले. बुकातले नाव एक, आधार कार्डावरचे दुसरे. विधवेची तर आणखी पंचाईत: पलटणीच्या दफ्तरी लग्नाची नोंदच नसेल, तर चाळीस वर्षे संसार करूनही ती पत्नी असल्याचे सिद्ध करावे लागते. अर्ज संगणकावर भरायचा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कोल्हापुरात. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याने एसटीने किती हेलपाटे घालावेत?

आणि मागायची लाजही असते. सलाम ठोकणारा हात पसरत नाही. त्याला सांगायला हवे की ही भीक नव्हे.

घरात अशी ट्रंक असेल तर या रविवारी ती उघडावी. आजोबा बोलते असतानाच आजीच्या नावाची नोंद तपासावी. अर्ज नातवाने भरावा. मोबाइल त्याच्या हातात आहेच.