तात्पुरता ताबा, कायमचा कायदा

लढाई जिंकली म्हणजे भूमी आपली झाली, हा जुन्या काळचा राजधर्म. आधुनिक आंतरराष्ट्रीय कायद्याने तो त्याज्य ठरविला आहे. परप्रदेश ताब्यात घेणारे सैन्य त्याचे स्वामी होत नाही. ते तात्पुरते कारभारी असते. अगदीच अशक्य नसेल तर त्याने तेथील प्रचलित कायदे पाळावेत, असे १९०७ च्या हेग नियमावलीचे ४३ वे कलम सांगते. आपले नागरिक तेथे नेऊन वसवू नयेत, असा दंडक १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने घातला.

या तत्त्वांची खरी कसोटी जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावर लागली. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने हा प्रदेश घेतला आणि ७ जूनच्या जाहीरनाम्याने कायदे करण्याचे, नेमणुकांचे व प्रशासनाचे सर्व अधिकार तेथील सेनापतीच्या हाती गेले. ऑटोमन, ब्रिटिश आणि जॉर्डनी अशा तीन राजवटींचे जुने कायदे तसेच राहिले; त्यांवर लष्करी आदेशांचा थर चढत गेला. ब्रिटिशांनी १९४५ साली केलेले आणीबाणीचे नियम घरे पाडण्यासाठी उपयोगी पडले. विनाचौकशी स्थानबद्धता म्हणजे काय, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगावयास नको.

इस्रायलचा युक्तिवाद असा की, १९५० साली जॉर्डनने केलेले या प्रदेशाचे विलीनीकरण जगाने क्वचितच मान्य केले होते. तेव्हा येथे कोणाचेही सार्वभौमत्व हिरावले गेले नाही आणि जिनिव्हा करार औपचारिकपणे लागू होत नाही. वस्तुतः त्यांच्याच परराष्ट्र खात्याचे विधी सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सप्टेंबर १९६७ मध्येच नागरी वसाहती कराराचा भंग करतील, असे लेखी कळविले होते. २००४ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही हा युक्तिवाद अमान्य केला.

तथापि कायदा नुसता धाब्यावर बसविला गेला, असे म्हणणे अपुरे ठरेल. १९७९ मध्ये इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने एलोन मोरे वसाहतीसाठी घेतलेली खाजगी जमीन परत करण्याचा आदेश दिला. शासनाने निर्णय पाळला. पण पुढे १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्याचा आधार घेऊन पडीक जमिनी सरकारी ठरविण्याचा मार्ग धरला. एक दार बंद झाले, तर दुसरे कायद्याच्याच किल्लीने उघडले गेले. आज एकाच टेकडीवरील दोन शेजाऱ्यांना दोन न्याय आहेत: वसाहतवाल्याला इस्रायली नागरी न्यायालय, पॅलेस्टिनी शेतकऱ्याला लष्करी न्यायालय.

दोष कोठे आहे? ताबा अल्पकालीनच असणार हे या कायद्याने गृहीत धरले, पण त्याला मुदत मात्र घातली नाही. कारभाऱ्याने जाण्याचे नावच काढले नाही तर काय, याचे उत्तर नियमावलीत नाही. ते १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिले: पॅलेस्टिनी प्रदेशांतील इस्रायलचे वास्तव्यच बेकायदेशीर असून ते शक्य तितक्या लवकर संपले पाहिजे. हे मत सल्लावजा आहे. त्यामागे शिपाई नाही. परंतु अर्धशतकाहून अधिक काळ ज्याला तात्पुरते म्हटले गेले, त्याला आता तो शब्द वापरता येणार नाही. दुर्बळाच्या हाती पुष्कळदा एवढेच शस्त्र असते, आणि ते सांभाळून ठेवणे सर्वांचेच काम आहे.